सतरा नंबरचं चित्र

सहदेव मेस्त्री सव्वीस वर्षं मिलमध्ये नक्षी काढत होते. त्यांच्या हातची नक्षी अंगावर घेऊन निम्मा महाराष्ट्र फिरला असेल, पण तिच्यावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. हे त्यांनी मला ओळखीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही; आज गुरुवार आहे, इतक्या सहज. तक्रारखोर माणूस मला लांबून ओळखता येतो, कारण मी स्वतः पक्की तक्रारखोर आहे. मेस्त्री तसे नव्हते. म्हणूनच पुढे त्यांचं जे झालं ते मला जास्त लागलं, आणि ते माझ्या हातून झालं, हे आता लिहून टाकलेलं बरं.

मी मुलुंडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. पुस्तकं द्यायची, उशीर झाला की दंड मागायचा आणि कार्यकारिणीची सभा असली की चहा सांगायचा, एवढंच ते पद. १९८६च्या जानेवारीत वाचनालयाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि आमचे अध्यक्ष, शरच्चंद्र वकील, यांना काहीतरी भव्य करायचं होतं. आमच्या कपाटात एका जुन्या साप्ताहिकाचे दोन जाडजूड खंड होते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी फोर्टातून निघायचं ते. थोडं इंग्रजी, थोडं गुजराती आणि दर अंकात पानभर व्यंगचित्र. लाटसाहेब, संस्थानिक, नवे कर, दुष्काळ, प्लेग, कुणाचीही टर उडवायची सोडलेली नाही. कुणा पारशी गृहस्थाने ते खंड वाचनालयाला दिले होते आणि तेव्हापासून ते वाळवीची वाट पाहत पडून होते.

"क्षमाताई, यांचं प्रदर्शन करू," वकीलसाहेब म्हणाले. कल्पना झकासच होती. पण फोटोस्टॅटवाल्याने पान उघडलं मात्र, कोपरा तुटून त्याच्या हातात आला. मग ठरलं की कुणाकडून तरी हातानेच चित्रं काढून घ्यायची, मोठ्या बोर्डावर, लांबून दिसतील अशी. निवडून चोवीस काढायची.

मेस्त्री तेव्हा आमच्या समोरच्या गॅरेजात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचे. मी येता-जाता बघायची. आठचा आकडा असा काढायचे की वरचं आणि खालचं पोट मोजून घ्यावं. एके दिवशी मी त्यांना आत बोलावलं आणि खंड उघडून दाखवला. त्यांनी आधी हात पँटला पुसले, मग पानाला बोट न लावता कितीतरी वेळ बघत राहिले.

संपाची हकिगत तेव्हाच कळली. ब्याऐंशी साली सगळ्यांबरोबर मेस्त्रीही बाहेर पडले. ते डिझाइन खात्यातले, म्हणजे साच्यावर, मागावर, राबणाऱ्या कामगारांपेक्षा एक पायरी वरचे. पुढच्या वर्षी मिलने आपल्या माणसांना गुपचूप परत बोलवायला सुरुवात केली, तेव्हा खात्याचा साहेब पत्र घेऊन घाटकोपरला त्यांच्या भटवाडीच्या चाळीत आला होता. साऱ्या चाळीदेखत मेस्त्रींनी ते पत्र परत केलं. त्यांच्या शेजारीच शिवदास राहायचा. तो त्यांच्याच गावचा, साचेखात्यातला, संपात दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. शिवदास आणि बाकीचे आत गेले नाहीत तर आपणही जायचं नाही, एवढाच त्यांचा हिशेब. तेव्हापासून चाळीत सहदेव मेस्त्री या नावाला वजन होतं. घरात बायको, वनमाला, साड्यांना फॉल लावायची, त्यावर चूल पेटत होती.

"पैशाचं तुम्ही ठरवा, बाई," ते मला म्हणाले. "पण खाली माझं नाव घालाल?"

मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, घालू की, प्रत्येक चित्राखाली घालू. हे सांगितल्यावर मेस्त्री दुसऱ्या दिवशी केस कापून आले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी मांड ठोकली. त्यांची पद्धत मिलचीच. मूळ चित्रावर पातळ पारदर्शक कागद ठेवायचा, त्यावर चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या करून बोर्डावर घ्यायच्या आणि मग एकेक चौकट भरत जायची. पूर्ण चित्राकडे ते बघतच नसत. पहिलं चित्र एका लाटसाहेबाचं होतं. मूळ चित्रात साहेबाचं पोट भोपळ्यासारखं, नाक पोपटाचं, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. आठ दिवसांनी मेस्त्रींनी बोर्ड पुढे केला तर त्यावर चांगला देखणा, सरळ नाकाचा, मुलगी द्यावी असा साहेब उभा!

"मेस्त्री, हा कोण?"

"तोच तो. मूळ चित्रात जरा वाकडं होतं, मी सरळ केलं."

मी कपाळाला हात लावला. ते मात्र शांत होते. त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मीच चुकले होते. मिलमध्ये नमुना वरून येतो. त्यात रेघ तुटकी असली, एक फूल दुसऱ्यापेक्षा मोठं असलं, तर ती चूक पुढे जाऊ द्यायची नाही. ती दर अठरा इंचांवर पुन्हा येणार, हजारो वार कापडावर. "नमुना कसा पण येऊ दे, बाई. आपल्या हातून जाताना सरळ होऊन गेला पाहिजे. नाय तर आपण कशाला बसलोय?"

"अहो, पण इथे वाकडं नाक हीच गंमत आहे. ते सरळ केलं की चित्र मेलं."

सव्वीस वर्षांची सवय ती. डोक्याला पटलं तरी हाताला पटेना. एका संस्थानिकाची मान तीनदा लांब करायला लावली, तिन्ही वेळा ती हळूच आखूड झाली. एका दुष्काळी शेतकऱ्याच्या बरगड्या त्यांनी भरून काढल्या होत्या. मी चिडले, टाकून बोलले. मास्तरीण असते तर मुलांनी शाळाच सोडली असती. ते नुसते "बरं, बरं" म्हणायचे आणि पुन्हा बसायचे. शेवटी मीच एक युक्ती काढली. चित्र काढायच्या आधी त्याचा अर्थ सांगायचा. हा गोरा कोण, त्या बकरीच्या पाठीवर 'मिठावरचा कर' असं का लिहिलंय, तो पोट धरून का हसतोय.

तिथून गाडी रुळावर आली. अर्थ कळला की त्यांना हसू यायचं, आणि हसू आलं की हात वाकडा जायचा. सहाव्या-सातव्या चित्रापासून मूळ चित्रकार बाजूला बसून सांगतोय असं वाटावं, इतकं तंतोतंत. रोज घरी जाऊन ते वनमालाला आणि चाळीला चित्राची गोष्ट सांगायचे. "शंभर वर्षांआधी पण लोकांनी साहेबाची वाट लावलेली, बाई. चाळीत सगळे विचारतात, बघायला कधी मिळणार?" मी म्हटलं, जानेवारीत, सगळ्यांना घेऊन या. त्यांनी त्याच आठवड्यात साऱ्या चाळीला आमंत्रण देऊन टाकलं.

दिवाळीच्या आधी सतरा नंबरचं चित्र आलं.

ते मी निवडलं होतं, मीच. गिरणीचं बंद फाटक. त्यावर धोतर-पागोटं घातलेली दहा-बारा माकडं उड्या मारतायत, दात विचकतायत. एक माकड धुराड्यावर चढलंय, एक बाटली उशाला घेऊन झोपलंय. वरच्या खिडकीत मालक, हातात केळं. खाली इंग्रजी ओळ. त्या काळी कुठल्यातरी गिरणीत काम बंद पडलं होतं, त्यावरचं हे व्यंग. साहेबाची टर उडवणाऱ्याला कामगार माकडं दिसत होती, हे मला मोठं बोधप्रद वाटलं. त्या ओळीचं मराठी मीच केलं: 'अजून केळी हवीत म्हणे!' आणि केल्यावर स्वतःवर खूश झाले.

या चित्राचा अर्थ मेस्त्रींनी मला विचारला नाही. बोर्ड दाखवला तेव्हा फाटक तेच, धोतरं तीच, उड्या त्याच; पण माकडं नव्हती. माणसं होती. प्रत्येकाला चेहरा होता, दाढीचे खुंट होते, खोल गेलेले डोळे होते. उडी तीच असून ती आता राग आल्यासारखी दिसत होती. झोपलेल्याच्या उशाची बाटली गेली होती, तिथे गुंडाळलेलं घोंगडं आलं होतं.

मला एका क्षणात कळलं की ही हाताची सवय नव्हे. त्यांना कळत होतं आपण काय केलं ते.

"मेस्त्री, हे चालायचं नाही."

"बाई, ह्या एकाला सोडूया. तेवीस लावूया."

"प्रदर्शनाची पुस्तिका छापायला गेलीय. चोवीस म्हणून."

"मग निदान नाव नका घालू ह्याच्यावर."

"नावाच्या पट्ट्याही छापून आल्यात."

पट्टी लावायची की नाही हे माझ्या हातात होतं. एक पट्टी डब्यात राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? वकीलसाहेबांना विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते; त्यांना चोवीस आणि तेवीस यांतला फरकही कळला नसता. पण मला तेव्हा तत्त्व सुचलं. मी त्यांना इतिहासावर व्याख्यान दिलं. वाईट असलं तरी जसं होतं तसंच दाखवलं पाहिजे, आपल्या सोयीने बदललं की ते खोटं होतं, आपण नक्कल करतोय, आपलं मत देत नाही आहोत. सगळं खरं होतं. आजही खरं आहे. फक्त ते कुणापुढे बोलतोय एवढं मला दिसलं नाही.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरं, बरं."

नवा बोर्ड नव्हता. त्यांनी त्याच बोर्डावरचे चेहरे पांढऱ्या रंगाने एकेक करून झाकले, वाळू दिले आणि दोन दिवसांत माकडं काढून दिली. चोवीस चित्रांत सगळ्यांत उत्तम उतरलेलं ते चित्र. मी तसं म्हटलंही त्यांना. देवाशपथ, म्हटलं मी.

जानेवारीतल्या एका रविवारी प्रदर्शन उघडलं. साप्ताहिकाची माहिती, साल, हे कुणी आणि कशासाठी काढलं, असं सगळं मी एका फलकावर बारीक अक्षरात लिहून दाराशी लावलं होतं. प्रत्येक चित्राखाली तेच तेच कशाला, म्हणून तिथे फक्त माझी मराठी ओळ आणि पट्टी: 'हस्तचित्र: सहदेव गो. मेस्त्री'. दारात एवढी गर्दी झाली की तो फलक कुणाच्या पाठीआड गेला ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

पाचच्या सुमाराला भटवाडीची मंडळी आली. वीस-पंचवीस जण, इस्त्रीच्या कपड्यांत, बायका ठेवणीतल्या साड्यांत. वनमालाने मोगऱ्याचा गजरा माळला होता. मेस्त्री त्यांना एकेका चित्रापुढे नेत होते, गोष्ट सांगत होते, आणि चाळ खोखो हसत होती. पट्टीवरचं नाव कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि मेस्त्री दर वेळी दुसरीकडे बघायचे. सोळाव्या चित्रापर्यंत त्यांच्याएवढा सुखी माणूस त्या हॉलमध्ये नव्हता.

सतराव्यापुढे ते थांबले नाहीत. पण शिवदास थांबला. तिथे आमच्या मुलुंडची दोन-तीन जोडपी आधीच उभी होती आणि हसत होती. त्यांतला एक जण माझी ओळ वाचून दाखवत होता. शिवदासने फाटक बघितलं, धुराडं बघितलं, खिडकीतला मालक बघितला. मग खाली वाकून पट्टी वाचली.

"सहदेवा, ह्यां तू काढलंस?"

"होय."

"कधी?"

"दिवाळीच्या वक्ताक." ते खोटं बोलणारे नव्हतेच.

"बरां काढलंस," शिवदास म्हणाला आणि चालू लागला. त्याच्या मागोमाग एकेक करून सगळे गेले. काय झालं ते वनमालाला कळायला थोडा वेळ लागला. मी त्या वेळी वकीलसाहेबांच्या पाहुण्यांना सरबत देत होते. दिसलं सगळं, पण वाटलं, चाळीतली माणसं, भुकेची वेळ झाली असेल.

पंधरा दिवसांनी वनमाला वाचनालयात आली. उभ्यानेच बोलली.

"बाई, माझ्या हळदीकुंकवाला एक बाय आली नाय. वाणाला तीस वाट्या आणलेल्या, तशाच पडल्यात. सव्वीस तारखेला चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. दर वर्षी देवाच्या मागचा देखावा हेच रंगवतात. औंदा बाहेरून माणूस आणला. म्हणतात, मालकाने पैसे चारून काढायला लावलंन. तेव्हा पत्र परत केलंन ते पण नाटक होतं म्हणतात. हे घरात बसून असतात, नंबरप्लेटीला पण जात नाय. तुम्ही येऊन सांगा त्यांना. ते चोपडं घेऊन या."

मी गेले. जायलाच हवं होतं. खंड जुन्या साडीत गुंडाळला आणि रविवारी सकाळी बसने घाटकोपरला जाऊन भटवाडीचा चढ चढले. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकली होती. शिवदास होता, आणखी तीसेक माणसं होती. मेस्त्री आपल्या दाराच्या उंबऱ्याशी बसले होते. दाढी वाढलेली. मला बघून उठले, पुन्हा बसले.

मी खंड उघडला. पानावरचं साल दाखवलं, चित्र दाखवलं, सगळं समजावलं. हे चित्र तुमच्या आज्याच्या काळातलं आहे, काढणारा कधीच मेला, मेस्त्रींनी फक्त बघून उतरवलं. मी बोलायला बरी आहे. लोक ऐकत होते. खंड हातोहात फिरला. पान फाटू नये म्हणून शिवदासने खाली आपला टॉवेल अंथरला. त्याने ते चित्र फार काळजीपूर्वक पाहिलं, एकेक माकड मोजल्यासारखं. मग सगळ्यांना म्हणाला, "बाई खरां सांगतत. जुनां असा."

वनमालाने सुटल्यासारखा श्वास सोडला. मीही सोडला.

शिवदास मेस्त्रींकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. का काढलंस, हे तो खरोखरच विचारत होता.

"मगे तू ह्यां काढलंस कित्याक?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. अगदी तयार होतं. यांनी माणसं काढली होती, तुमचे चेहरे काढले होते, ते मी झाकायला लावले. यांनी चित्र सोडा म्हटलं, नाव काढा म्हटलं, मी ऐकलं नाही. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझा मुलुंडचा फ्लॅट, माझी नोकरी, माझं पेन्शन, यातलं काहीही त्या अर्ध्या मिनिटात जाणार नव्हतं. फक्त तीस माणसं माझ्याकडे बघणार होती.

वनमाला माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. रोज रात्री जेवताना तो माणूस तिला सांगत आला होता. ती वाट बघत होती.

मेस्त्रीही वाट बघत असतील. त्यांनी मान वर केली नाही. माझं नाव घेणं त्यांना सोपं होतं. मी चार हातांवर बसले होते. शेवटी तेच म्हणाले,

"काम होतां."

शिवदासने मान हलवली. "काम," तो म्हणाला. एवढंच. त्याने टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. ब्याऐंशीपासून त्या जागेत बसलेल्या प्रत्येकाला काम नव्हतं आणि कामासाठी संप मोडून आत गेलेल्यांना ते काय म्हणत होते, हे मला तिथे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माणसं उठली. मी खंड साडीत बांधायला घेतला. गाठ बसेना, दोनदा सोडून बांधली. निघताना वनमालाने मला पाणी विचारलं. मी नको म्हटलं.

शिमग्याला म्हणून ते दोघं गावी गेले आणि परत आले नाहीत. खोली पावसाच्या आत विकली, असं गॅरेजवाल्याकडून कळलं. त्याच सुमाराला वकीलसाहेबांनी ठराव करून चोवीसही चित्रं वाचनालयात कायमची लावली. मी ग्रंथपाल, पट्टी काढायला मला कुणाची परवानगी नको होती. पण सतराव्या चित्रावरचीच काढली तर कुणी विचारलं असतं, ही एकच का काढलीत? आणि मग मला सांगावं लागलं असतं. म्हणून ती मी तशीच ठेवली.